घासलेले नव्वद दिवस

हिंगोलीत भांड्यांच्या दुकानात जाऊन मी चहाच्या नव्वद गाळण्या मागितल्या, तेव्हा दुकानदारानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मॅडम, हॉटेल टाकून राहिल्या का?" म्हणाला. मी म्हटलं, "जिवाणूंसाठी घरं बांधायची आहेत." तो म्हणाला, "बांधा, बांधा. एखादी योजना निघाली असंल." एरवी मी त्याला सोडला नसता. पण मला सगळ्या गाळण्या एकाच मापाच्या, स्टीलच्या, बारीक जाळीच्या हव्या होत्या आणि तेवढा माल त्याच्याचकडे होता, म्हणून गिळलं.

तशी मी गिळणारी नाही. माझं नाव कोमल ठेवणाऱ्या आत्यालाही आता ते पटलेलं आहे.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करत होते. विषय सांगितला की लोक एक तर हसायचे, नाही तर "छान, छान" म्हणून दुसरीकडे बघायचे. तलावात, नदीत प्लास्टिकचे बारीक कण असतात. त्या कणांवर जिवाणूंची वस्ती कशी बसते, एवढाच माझा विषय. प्लास्टिकचा कण पाण्यात पडला की फार वेळ नुसतं प्लास्टिक राहत नाही. पहिल्या काही तासांतच पाण्यात विरघळलेलं काहीबाही त्याच्यावर बसतं, डोळ्यांना न दिसणारं. मग पहिले जिवाणू येतात. ते नुसते टेकत नाहीत, चिकट द्रव सोडतात आणि त्यात स्वतःला रोवून घेतात. ते रोवले की मागून येणाऱ्यांची सोय होते. ज्यांना कोऱ्या प्लास्टिकवर पाय ठेवता आला नसता, तेही त्या चिकट थरात शिरतात. पुढे शेवाळ धरतं, शेवाळाला खाणारे येतात, त्यांना खाणारे येतात. गावाबाहेरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये होतं तसंच. पहिल्या आठवड्यात जे असतात ते तीन महिन्यांनी असतीलच असं नाही, आणि मला बघायचं होतं ते हेच की शेवटी कोण टिकतं. त्यात माणसाला आजारी पाडणारे किती, हाही प्रश्न होता, कारण तलावाखालच्या विहिरीतून गावाला पाणी जात होतं.

तलाव म्हणजे आखाडा बाळापूरहून आत असलेला एक पाझर तलाव. तो मी निवडला हळदीमुळे. शिजवलेली हळद वाळवायला आपल्याकडे काळ्या ताडपत्र्या लागतात. दोन-तीन हंगाम ऊन खाल्लं की त्यांचे पापुद्रे सुटायला लागतात. मग त्या धुवायला तलावावर नेतात, बडवून धुतात, आणि पापुद्रे पाण्यात जातात. काठावरचा चिखल बोटांत चोळला तरी काळे कण हाताला लागायचे.

मी एक जुनी ताडपत्री मिळवली आणि ऑफिसात कागदाला भोकं पाडायचं मशीन असतं त्यानं तिच्या टिकल्या पाडल्या. हजारो. बोटाला घट्टे पडले. तुलनेसाठी त्याच मापाचे काचेचे मणी घेतले आणि बांबूचे बारीक तुकडे केले. दोन गाळण्या तोंडाला तोंड लावून, दांडे कापून, तारेनं आवळल्या की झाला एक पिंजरा. पाणी आत-बाहेर जातं, टिकल्या आतच राहतात. असे पंचेचाळीस पिंजरे, प्रत्येकात एकच जिन्नस. बांबूच्या चौकटीला टांगून, चौकटीला चार रिकामे कॅन बांधून सगळं पाण्यात सोडलं. दर वेळी नऊ पिंजरे काढायचे: सातव्या दिवशी, पंधराव्या, तिसाव्या, साठाव्या आणि नव्वदाव्या. या शेवटच्या नऊवर सगळं अडलेलं होतं. साठ दिवसांपर्यंतचं काम इतरांनी केलेलं होतं. नव्वदावा दिवस हेच माझं नवं. आणि परत करायला वाव नव्हता. एप्रिलनंतर तलावात नुसता चिखल राहतो आणि माझ्या नोंदणीची मुदत जूनमध्ये संपत होती. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती.

चौकटीवर लक्ष कोण ठेवणार हा प्रश्न सोनाजीकाकांनी सोडवला. त्यांचं शेत बांधाला लागून, मोटारीचा खांब काठावरच. "बांधा खांबाला," म्हणाले. "म्हशी मी आवरतो. बाकी घरची बघंल." घरची म्हणजे मंजुळाबाई. पन्नाशीची, बारीक अंगाची, बसलेली मी तिला क्वचितच बघितली. भांडी घासणं हा तिचा धर्म होता म्हटलं तरी चालेल. तिच्या ओसरीवरच्या हंड्यात बघून मी एकदा केस नीट केले होते.

पहिल्याच दिवशी तिनं एक पिंजरा हातात घेऊन कानाजवळ हलवला. टिकल्या खुळखुळल्या.

"पोरी, ह्यात काय हाय?"

"अभ्यासाचं आहे, मावशी."

"आन पाण्यात काहून टाकून राहिली?"

"मोठं लांबण आहे ते. कुणाला हात लावू देऊ नका, एवढं बघा."

"न्हाई देत," ती म्हणाली. आणि खरंच दिला नाही. पोहायला आलेली पोरं तिनं दगड मारून हाकलली. ताडपत्र्या धुवायला आलेल्या बाया तिनं पार पलीकडच्या काठाला पाठवल्या, त्यावरून शकुबाई नावाच्या शेजारणीशी तिचं जे वाजलं ते महिनाभर मिटलं नाही. एकदा माझा फोन लागला नाही तर तिनं सोनाजीकाकांना बाळापूरला पिटाळलं, का तर एक कॅन कलंडला होता. मी दर खेपेला जायची, पाण्यात उतरायची, नऊ पिंजरे सोडून थेट बर्फाच्या डब्यात टाकायची, तिच्याकडे जेवायची आणि परतायची. ती डब्यात डोकावायची. "काय घाण बसली गं!" म्हणायची. मला त्या घाणीचंच कौतुक. साठाव्या दिवशी तर टिकल्यांवर असा मऊ, तपकिरी-हिरवा थर बसला होता की मी काठावरच बसून हसले. मंजुळामावशीनं सोनाजीकाकांकडे बघितलं. बहुतेक तिला वाटलं की फार शिकल्यानं होतं असं.

नव्वदाव्या दिवसाच्या आदल्या दुपारी मी फोन केला. "मावशी, उद्या येते. शेवटचे नऊ घेऊन जाते. मग तुम्ही सुटला."

"ये. भाकर टाकते," ती म्हणाली.

सकाळच्या गाडीनं निघाले. बाळापूरला उतरून पुढे रिक्षानं गेले. फेब्रुवारीचं ऊन होतं, शेतांमधून हळद शिजवायच्या कढया पेटल्या होत्या, वाफेचा वास रस्ताभर. बर्फाचा डबा मांडीवर. मी खुशीत होते, खोटं कशाला बोलू. रिक्षावाल्याला शेवटी प्रबंधात काय लिहिणार तेही सांगून टाकलं.

ओसरीवर बाज टाकलेली होती. बाजेवर धुतलेलं पांढरं धोतर अंथरलं होतं. आणि त्यावर सतरा गाळण्या ओळीनं पालथ्या घातलेल्या, लख्ख, तोंड दिसेल अशा. शेजारी तीन वाट्या. एका वाटीत काळ्या टिकल्या, एकीत काचेचे मणी, एकीत बांबूचे तुकडे. सगळं कोरडं, उन्हात वाळलेलं. टिकल्या तर दुकानातून आणल्यासारख्या. तारा सरळ करून त्यांची जुडी बांधून ठेवलेली. आणि अठराव्या गाळणीत, ती मात्र उताणी, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा.

मला आधी कळलंच नाही. मी तलावाकडे बघितलं. चौकट काठावर ओढलेली, रिकामी.

"सकाळीच काढून घेतलं यांनी," मंजुळामावशी पदराला हात पुसत बाहेर आली. "म्हणलं तुला पाण्यात उतरायची तकलीफ नको. इतके दिवस येत-जात होतीस तवर ठीक होतं, आता सामान कायमचं चाललं. दुसऱ्याची चीज अशी घाणेरडी कशी द्यायची? राख लावून घासून ठेवलं बग. आन रिकामं देऊ नाही म्हणून दाणे टाकले."

तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला चांगलं आठवतं. कौतुकाची वाट बघत होती ती.

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही, पण थोडं लिहिते, कारण तेवढं तरी मी लिहिलं पाहिजे. "तुम्हाला अक्कल आहे का?" म्हटलं. "हात लावू नका म्हणून सांगितलं होतं की नव्हतं?" म्हटलं. तीन महिने, माझी पीएच.डी., माझं आयुष्य, असं सगळं ओढलं त्यात. काळ्या टिकल्यांची वाटी उचलून तिच्यापुढे धरली आणि विचारलं, "आता यात काय राहिलं? काय राहिलं, सांगा!" तिनं वाटीत बघितलं. खरंच शोधत होती ती, काय राहिलं ते.

"कुणाला लावू दिला न्हाई गं हात," एवढंच म्हणाली. "चुकलं का?"

सोनाजीकाका गोठ्यातून आले आणि तिथेच उभे राहिले. मी वाट्या, गाळण्या, दाण्यांसकट सगळं पिशवीत कोंबलं आणि निघाले. चुलीवरून भाकरीचा वास येत होता. रिक्षा परत गेलेली होती, म्हणून फाट्यापर्यंत चालत गेले, आणि रागाचा एक फायदा असतो, अंतर कळत नाही. बर्फ डब्यात तसाच होता.

माझे मार्गदर्शक विजयकुमार सर. शांत माणूस. त्यांच्या हाताखालून पंधरा-सोळा पीएच.डी. बाहेर पडलेल्या, म्हणजे रडणारी माणसं त्यांनी भरपूर बघितलेली. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"राखेनं?" म्हणाले.

"राखेनं. टिकल्यासुद्धा. तळहातावर घेऊन चोळल्या असणार, तिळासारख्या."

त्यांना हसू आलं होतं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. मग दार लोटून घेतलं. "हे बघ कोमल. सात, पंधरा, तीस, साठ. रेघ सरळ दिसते. नव्वदला ती कुठे जाणार हे मलाही दिसतं, तुलाही दिसतं. आता तू ते मोजलं की नाही मोजलं..." पुढचं त्यांनी बोटांनी हवेत सांगितलं.

"म्हणजे आकडे घालायचे?"

"मी असं म्हटलेलं नाही," सर म्हणाले. खरंच म्हटलेलं नव्हतं.

मी घातले. लपवायचं काय त्यात. दोन दिवस बसून नऊ पिंजऱ्यांचे नऊ आकडे तयार केले. इतके सुबक झाले की माझ्या खऱ्या आकड्यांना त्यांच्या शेजारी बसायची लाज वाटावी. तिथंच गोची झाली. खऱ्या आकड्यांत दर खेपेला एक तरी पिंजरा वाकडा वागायचा. कधी काचेवर उगाच जास्त, कधी एका प्लास्टिकच्या पिंजऱ्यात अचानक निम्मं. हे नऊ मात्र शहाण्या पोरांसारखे एका रांगेत. म्हणजे आता एखादा वाकडेपणाही मलाच कल्पनेनं काढावा लागणार. कोणता पिंजरा वाकडा वागला असता? का वागला असता? त्या प्रश्नापाशी मी अडले, आणि मला स्वतःची अशी चीड आली की सगळं पुसून टाकलं. फार मोठं तत्त्व वगैरे नव्हतं. मला ते जमेना, एवढंच.

प्रबंधात शेवटी एक ओळ गेली: नव्वद दिवसांचा संच नमुना घेण्यापूर्वी राखेने घासला गेल्यामुळे निरीक्षणे उपलब्ध नाहीत. सरांनी ती तीनदा वाचली. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेते आहेस," म्हणाले. "बाहेरचा परीक्षक हे परत पाठवू शकतो. आणि परत पाठवलं तर तुझ्याकडे वेळ नाही."

"माहीत आहे."

"मग निदान 'काही अपरिहार्य कारणांमुळे' असं तरी लिही."

मी नाही लिहिलं. राख ती राख.

या सगळ्यात पुढचे नऊ-दहा महिने गेले. प्रबंध जूनमध्ये दिला, तोंडी परीक्षा लागली ती डिसेंबरात. त्या काळात मी तलावावर एकदाही गेले नाही. वेळ नव्हता असं मी सगळ्यांना सांगायची. वेळ होता. गेले असते तर माफी मागावी लागली असती, आणि माफी मागायची तर आधी आपण काय बोललो ते आठवावं लागतं. मंजुळामावशीचा फोन मात्र दोनदा आला. दोन्ही वेळा एकच प्रश्न: "झालं का गं तुझं?" मी "होईल, मावशी" म्हणायची आणि दुसऱ्या फोनचं निमित्त सांगायची.

तोंडी परीक्षा कुणालाही ऐकायला खुली असते. आपल्याकडे नातेवाईक येतात, पेढ्यांचा बॉक्स टेबलाखाली तयार असतो, आणि पुढच्या रांगेत विभागाची माणसं घड्याळ बघत बसतात. परीक्षेच्या दोन दिवस आधी मी मंजुळामावशीला फोन केला. का केला ते नीट सांगता येणार नाही. वाटलं, झालं तर तिच्यासमोर व्हावं, आणि नाही झालं तरी तिला कुणाकडून तरी कळण्यापेक्षा ते बरं. "या," म्हटलं. "परवा आहे."

ती आली. सोनाजीकाका बाहेर झाडाखाली थांबले, ती आत आली, शेवटच्या रांगेत भिंतीकडेची खुर्ची धरून बसली. मांडीवर पिशवी, पायांत नवी चप्पल. मी तिच्याकडे बघून मान हलवली, तिनं हलवली. बोलायला वेळ नव्हता, आणि मला ते बरंच वाटलं.

बाहेरून आलेले परीक्षक साठीचे, किरकोळ अंगाचे, आवाज अगदी बारीक. माझं सादरीकरण त्यांनी एकदाही न अडवता ऐकलं. हे वाईट लक्षण असतं. मग त्यांनी प्रबंधाची प्रत उघडली, तिच्यात एकच चिठ्ठी खोचलेली होती. कोणत्या पानावर, ते मला इतक्या लांबूनही कळलं.

"नव्वद दिवसांचा संच," ते म्हणाले. "तुमच्या प्रबंधाच्या नावात नव्वद दिवस आहेत. प्रस्तावनेत आहेत. निष्कर्षात नाहीत."

"नाहीत, सर."

"राखेने घासला गेला असं लिहिलंय."

"हो, सर."

"कुणी घासला?"

विजयकुमार सरांनी डोळे मिटले. मी म्हटलं, "चूक माझी आहे, सर. देखरेख करणाऱ्यांना मी नीट..."

"म्या घासलं, साहेब."

पन्नास-साठ माणसांच्या माना एकदम मागे वळल्या. मंजुळामावशी उभी राहिली होती. पिशवी छातीशी धरलेली. "पोरीची काही चूक न्हाई. ती आली तवर म्या घासून बसले होते. तिला फेल करू नका. काय सजा असंल ती मला सांगा."

कुणीतरी हसलं. परीक्षकांनी हसणाऱ्याकडे असं बघितलं की तो खाली वाकून बूट बघायला लागला. मग ते उठले, सगळ्या रांगा ओलांडून मागे गेले आणि तिच्या पुढच्या खुर्चीवर उलटे बसले.

"बसा, बाई. सजा-बिजा काही नाही. मला एवढंच सांगा, घासताना काय झालं? सगळं सारखंच निघालं का?"

"न्हाई ना," मंजुळामावशी बसली आणि पिशवी खाली ठेवली. भांड्यांचं विचारलं म्हटल्यावर तिचा आवाज बदलला. "मण्याचं दोन पाण्यातच गेलं. नुसतं चोळलं आन सुटलं. त्या बांबूचं राखंत निघालं, पन त्याच्यासंगं वरची सालबी येऊन राहिली होती, म्हणून जपून घासलं. काळ्याचं मातर निघंना. तीनदा राख लावली. वरचं हिरवं जायचं आन खालून परत बुळबुळीत लागायचं, जसं काही घासलंच न्हाई. शेवटी राखंत वाळू घातली, तवा गेलं."

"सगळ्या काळ्या टिकल्यांचं असंच?"

"त्याला दोन बाजू हायत की. एक गुळगुळीत आन एक उन्हानं खरबरीत झालेली. गुळगुळीतचं लवकर गेलं. खरबरीतला धरून बसलं होतं. आन एका जाळीतलं तर लईच कमी होतं, बाकीच्याच्या निम्मंबी न्हाई. तिच्यात गोगलगाय शिरली होती बारकी. तिनं खाल्लं असंल."

माझ्या हातातला पेन घसरून पडला, तो मी उचलला नाही. दोन बाजू. हजारो टिकल्या पाडल्या, मोजल्या, आणि मी त्यांच्या दोन बाजू कधी वेगळ्या धरल्या नव्हत्या. वाकडा पिंजरा कोणता असेल म्हणून मी दोन दिवस डोकं फोडलं, तो होता, आणि का वाकडा होता हे माहीत असलेलं माणूस बाळापूरजवळ चुलीपुढं बसलेलं होतं. नव्वदाव्या दिवशी ते थर ज्यांनी स्वतःच्या हातांनी तपासले असं जगात एकच माणूस होतं, आणि त्यानं एकेक टिकली तपासली होती.

परीक्षक वळून माझ्याकडे बघत होते. "हे प्रबंधात का नाही?"

सांगायला पुष्कळ काही होतं. हे मोजमाप नाही, याला आकडा नाही, याची पद्धत नाही. विजयकुमार सर आवाज न करता नुसत्या ओठांनी 'पद्धत, पद्धत' असं सुचवतही होते. पण मला लाज वाटली, इतकी की ती सगळ्यांना दिसली असणार.

"मी विचारलं नाही, सर," मी म्हटलं. "मी फक्त ओरडले. नंतर दहा महिने विचारलं नाही."

त्यांनी घड्याळ बघितलं. "याचे आकडे होणार नाहीत. पण निरीक्षण म्हणून, कुणी केलं, कसं केलं ते नावासकट लिहून, स्वतंत्र पान म्हणून हे जाऊ शकतं. ते पान आलं तर मी सही करून जातो. आमची गाडी चारला आहे. विचारा आता."

मी वही घेतली आणि त्या सगळ्या माणसांच्या मधून मागच्या रांगेत गेले. तिच्या पायाशी जमिनीवरच बसले, खुर्ची ओढायचं सुचलं नाही. डोळे पुसून वही उघडली. तीच म्हणाली, "रडू नको गं, लोक बघून राहिले. लिव."

मी विचारत गेले, ती सांगत गेली. किती पाणी, कोणती राख, किती वेळ, कोणता पिंजरा आधी. एकदाही अडखळली नाही. पाऊण तासात दोन पानं भरली. मी तिला वाचून दाखवलं. तिनं दोन ठिकाणी सुधारलं, वाळू नदीची नव्हती, ओढ्याची होती. मग पिशवी मांडीवर घेतली, पण उठली नाही.

"झालं ना सगळं, मावशी?"

"एक राह्यलं," ती म्हणाली. रागानं नाही, वाळूचं सांगितलं तशाच आवाजात. "ते काय हाय हे मला कुणी सांगितलं असतं, तर म्या हात लावला नसता. हेबी लिव."

मी लिहिलं.